चावीताईची कुलपं

ती आमच्या संस्थेत आली त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये ‘अंगी कौशल्य’ या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं. अक्षर माझंच, पेनही माझंच, त्यामुळे आता नाकारायची सोय नाही.

आमची संस्था म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचे दोन मजले. वर राहायच्या चार खोल्या, खाली स्वयंपाकघर, एक मोठी खोली आणि ऑफिस. घरातून निघालेल्या, काढलेल्या किंवा पळालेल्या बायकांनी इथे यायचं, काही महिने राहायचं आणि अंगात त्राण आलं की स्वतःच्या पायावर उभं राहून बाहेर पडायचं, अशी योजना. पायावर उभं करण्याचं काम प्रशिक्षण विभागाकडे होतं. प्रशिक्षण विभाग म्हणजे मी, एक डुगडुगणारं टेबल आणि ते रजिस्टर.

तिला दवाखान्यातल्या एका नर्सनं चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. डाव्या मनगटाला प्लास्टर, उजव्या हातात कापडी पिशवी, वय बत्तीस-तेहेतीस. काहीही विचारलं की मान हलवायची. चहा घेणार? मान. साखर किती? मान. घरी कुणाला कळवायचंय का, यावर मात्र मान इतक्या जोरात हलली की मी पुढचा प्रश्न गिळून टाकला. महिनाभरात तिच्या तोंडून आम्ही ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मी घासते’ एवढंच ऐकलं. शेवटचं भांड्यांबद्दल होतं.

प्लास्टर निघालं आणि माझा विभाग कामाला लागला.

आधी शिवण. तिनं पिशव्या शिवल्या. शिलाई अशी सरळ की नाव ठेवायला जागा नाही, फक्त चारही बाजूंनी घातलेली. शिवणाच्या बाईंनी विचारलं, “अगं, हिचं तोंड कुठाय?” तिनं पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. मग मेणबत्त्या. तीस मेणबत्त्या झाल्या, एकीतही वात नव्हती. आमच्या मावशीनं त्या पुढे दोन वर्षं घट्ट झालेल्या ड्रॉवरांना चोळल्या. मावशी म्हणजे संस्थेचं स्वयंपाकघर, कोठी आणि शिस्त सांभाळणारी बाई. तिच्या कमरेला एवढ्या चाव्या असायच्या की ती जिन्यावर असतानाच खाली सगळ्या शहाण्या होऊन बसत. मग कापडी खेळणी. तिनं केलेल्या हत्तीची सोंड शेपटीच्या जागी आली. प्रदर्शनात एका लहान मुलीनं तो हत्ती पाहून जे भोकाड पसरलं, ते तिच्या आईनं दोन धड ससे विकत घेतल्यावरच थांबलं.

शेवटी ब्यूटी पार्लर. आमच्या अध्यक्षबाई मोठ्या मनाच्या. “बायकांना आत्मविश्वास द्यायचा तर आपण आधी पुढे व्हायला हवं,” असं म्हणून त्या स्वतः खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी त्यांची डावी भुवई निम्मी उरली होती. उरलेली निम्मी कपाळाकडे तोंड करून होती, त्यामुळे पुढचे दीड महिने अध्यक्षबाई जगाकडे सतत आश्चर्यानं पाहत असल्यासारख्या दिसत होत्या. एक खरं, त्या काळात देणगीदारांना वाटायचं की आपण दिलेल्या वस्तूंनी बाई थक्कच झाल्या आहेत. लोक खुशीत येऊन आणखी द्यायचे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मावशीला म्हणाले. मावशी कांदा चिरता चिरता म्हणाली, “ताई, अंगणंही तुमचीच आहेत ना? चारही?” मला तेव्हा त्याचा राग आला होता.

मग तो भेटीचा दिवस उजाडला. एका मोठ्या देणगीदार मंडळाचे लोक अकरा वाजता येणार होते. नव्या घोंगड्या, कपबशांचा चांगला सेट, सगळ्या फायली आणि अध्यक्षबाईंचं भाषण, हे सगळं मोठ्या लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप. आणि साडेदहाला मावशी जिन्याच्या मधोमध थांबली, कमरेला हात लावला, दुसऱ्या बाजूला हात लावला आणि पांढरीफटक पडली. सगळ्या चाव्या होत्या, तेवढी एक नव्हती. (ती तीन दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडली. पण तो भाग वेगळा.)

बाजारातल्या चावीवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “आलोच.” चावीवाले ‘आलोच’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, ते ज्याच्या घराला कुलूप लागलंय त्यालाच माहीत. पावणेअकरा झाले. अध्यक्षबाईंची भुवई आता खऱ्या कारणानं वर गेली होती. कुणी म्हणालं हातोडा आणा, कुणी म्हणालं कपाटावर चादर टाका. एवढ्या गोंधळात ती भिंतीजवळून उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली,

“ताई, केसातली पिन द्या. दोन द्या.”

भांड्यांखेरीज तिचं पहिलं पूर्ण वाक्य. मी इतकी चकित झाले की चार दिल्या.

तिनं एक पिन दातांनी सरळ केली, दुसरीचं टोक वाकवलं, कपाटापुढे मांडी घातली आणि कान कुलपाच्या जवळ नेला. आजारी माणसाची छाती तपासावी तसा. खट्. तिनं मूठ फिरवली, दार उघडलं आणि ती बाजूला झाली. घड्याळात अकराला दहा कमी होते.

घोंगड्या निघाल्या, कपबशा निघाल्या, भाषण झालं, भेट पार पडली. पण त्या खट् नंतरचं मी विसरलेले नाही. टाळ्या वाजवायला हव्या होत्या. कुणी वाजवल्या नाहीत. जी ती आपापली पेटी आठवत होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आमच्याकडे चोर नसलेल्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. त्या आठवड्यात वरच्या खोल्यांत उशा अचानक उंच झाल्या, कारण प्रत्येकीच्या उशीखाली काहीतरी आलं. मावशी साखर मोजायला लागली, तीही मोठ्यानं. आणि मी? मी माझी पर्स वरच्या ड्रॉवरमधून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलपं उघडणाऱ्या बाईपासून वाचवायला मी पर्स एक वीत खाली नेली, एवढीच माझी अक्कल.

तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून ऑफिसच्या दारात उभी.

“जाते,” म्हणाली.

“कुठे?”

मान हलली.

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. मग मी पर्स काढून टेबलावर ठेवली, तोंड उघडं ठेवून, आणि म्हटलं, “चुकलं माझं. चहा घे आणि मग जायचं तर जा.” चहा आला. अर्धा कप झाला आणि ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, टेबलाच्या डुगडुगत्या पायाकडे बघत.

तिच्या सासरी सगळं कुलपात असायचं. साखर कुलपात, साबण कुलपात, टेलिफोनच्या डबड्याला छोटं कुलूप. सासूबाईंच्या कपाटात तर तिचे स्वतःचे कागदही होते, शाळेचे आणि जन्माचे. नवरा कामावर जाताना बाहेरून कडी घालून टाळं लावायचा. ती आत, दिवसभर.

“पहिल्यांदा साखरेचा डबा उघडला. कंटाळा आला होता म्हणून. एक चमचा खाल्ली. परत लावलं.”

“मग?”

“मग रोज. साखर नाही, कुलूप. एक झालं की दुसरं. सगळी उघडतात, ताई, त्यांचा काही स्वभाव असतो. कुणी लवकर ऐकतं, कुणी रुसतं.”

“आणि सासूबाईंना कधी कळलं नाही?”

“उघडणं सोपं असतं. परत लावणं अवघड. आतलं सगळं होतं तसं ठेवायचं, चमच्याची दांडीसुद्धा त्याच बाजूला.”

“आणि दार?”

“बाहेरचं टाळं आतून कसं उघडणार?” माझ्या अज्ञानाची तिला थोडी कीव आली असावी. “मग त्यांनी नवीन लॅच बसवलं. भारी, चकचकीत. आल्या-गेल्याला दाखवायचे. म्हणायचे, हे कुणाच्या बापाला उघडणार नाही. ते बाहेरून चावी फिरवून गेले की मी बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ताई. सगळे स्क्रू आतल्या बाजूला.” इथे तिच्या तोंडावर काहीतरी हललं. “एवढं महागाचं कुलूप आणि स्क्रू आतून! चमच्यानं काढले.”

मनगट त्याच्या आदल्या रात्री मोडलं होतं. तेवढं तिनं सांगितलं, आणखी काही नाही, आणि मीही विचारलं नाही. एका हातानं तिनं पाच स्क्रू काढले होते.

ती तिथे बसलेली असतानाच चावीवाले काका आले. म्हणजे ‘आलोच’ म्हणाल्यानंतर पाच दिवसांनी. सत्तरीचे, कमी ऐकू येणारे, खांद्याला हत्यारांची झोळी. “कुठलं कपाट?” असं ते ओरडले. ते नेहमीच ओरडत. कपाट उघडल्याचं ऐकून आधी चिडले, मग भिंग काढून कुलूप पाहिलं, मग परत पाहिलं.

“ओरखडासुद्धा नाही. कुणी उघडलं?”

सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. ती खुर्चीला चिकटली.

काकांनी झोळी टेबलावर ओतली. पंधरा-वीस कुलपं असतील. टेबल एकीकडे कललं. “हे उघड,” काका ओरडले. तिनं उघडलं. “हे?” उघडलं. तिसऱ्याला तिनं हातात घेऊन फक्त हलवलं आणि खाली ठेवलं. “हे मोडलंय. आतली स्प्रिंग नाही.”

“नाहीच आहे!” काका एवढ्या जोरात ओरडले की मावशी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावली. “चाळीस वर्षं हे कुलूप घेऊन फिरतोय. चेले पारखायला. एकानंही सांगितलं नाही!”

“किती चेले होते?” मी विचारलं.

“तीन. दोघं आता मोबाइल विकतात. तिसरा तुरुंगात आहे. तुरुंगातला बरा, निदान धंदा सोडला नाही.”

काकांनी तिला शिकवायची तयारी दाखवली आणि समितीची बैठक बसली. खजिनदार साहेब तांबडे झाले. “म्हणजे आपली संस्था आता कुलपं फोडायला शिकवणार? उद्या वर्तमानपत्रात काय छापून येईल?” कुणी म्हणालं, तिला पुन्हा शिवणाला बसवा. शिवणाच्या बाई म्हणाल्या, मग मी राजीनामा देते. मी उभी राहिले. भाषण तयार केलं होतं, पण ऐन वेळी एवढंच म्हणाले, “तिनं मनात आणलं असतं तर हे कपाट महिनाभरापूर्वीच रिकामं झालं असतं. तिनं आपल्याला विचारून उघडलं, तेही आपल्या चहाच्या कपांसाठी.”

अध्यक्षबाईंनी भुवईवरून बोट फिरवलं. “माझं मत असं आहे,” त्या म्हणाल्या, “की या मुलीला केसांपासून लांब असलेलं कुठलंही काम द्यावं.” ठराव मंजूर झाला. अट एकच, पोलिसांकडे नोंद आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला. त्यासाठी ओळखीचे कागद. आणि कागद सासूबाईंच्या कपाटात. मी त्या घरी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं: असे कागद इथे नाहीत, अशी बाईही इथे नाही.

कागद येतील तेव्हा येतील, तोवर काकांच्या हाताखाली शिकायला तर हरकत नव्हती. काकांची टपरी बाजाराच्या तोंडाशी. लाकडी फळी, लोखंडी पकड, कानशी, खिळ्यांना लटकलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या. आम्हाला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण ती रस्त्यावर जाईचना. नवरा कुठूनही येईल, असं तिला वाटायचं. दारापर्यंत यायची आणि पायरीवर बसायची.

तोडगा वरच्या खोल्यांतून निघाला. ज्यांनी उशा उंच केल्या होत्या त्याच बायकांनी पाळ्या लावल्या. रोज दोघी तिच्याबरोबर जाणार, दिवसभर टपरीशेजारी बाकावर बसणार, विणकाम करत. खरं तर पाळी दोघींची असायची, पण जायच्या चार-पाच जणी, कारण बाजार बघायला मिळायचा. त्यामुळे एका कुलपाभोवती सहा बायका आणि मधे ओरडणारे काका, असं दृश्य रोज दिसायला लागलं. गिऱ्हाइकांना वाटलं काकांनी कंपनी काढली. धंदा वाढला. बाजूच्या चपलावाल्याला फुकटात दोन मफलर मिळाले.

काका ओरडायचे तेव्हा ती सुरुवातीला दचकायची. एकदा तर कानस फेकून टपरीखाली शिरली. मी काकांना बाजूला घेऊन समजावलं. काका शरमले. “मी रागावत नाही हो, बाई. मला माझा आवाज ऐकू येत नाही.” दुसऱ्या दिवसापासून ते कुजबुजायला लागले. ते काय सांगतात ते कुणालाच कळेना. चार चाव्या उलट्या कापल्या गेल्या. पाचव्या दिवशी तीच कानस खाली ठेवून म्हणाली,

“काका, ओरडा. समजत नाही.”

“काय?” काका म्हणाले.

“ओरडा!” ती ओरडली. अख्ख्या बाजारानं मागे वळून पाहिलं. बाकावरच्या एकीचे टाके सुटले. त्या दिवसापासून लोक तिला चावीताई म्हणायला लागले आणि आम्हीही.

सात-आठ महिन्यांनी, एका मंगळवारी, मी जेवणाचा डबा द्यायला टपरीवर गेले होते. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, घाईत. काकांना म्हणाला, “जुनं लोखंडी कपाट आहे. चावी आतच मोडली. फोडायचं नाही. कुणीतरी सांगितलं, इथली बाई न फोडता उघडते.”

काकांनी कानाला हात लावला. “कुठली बाई?”

माणसानं फळीकडे पाहिलं. चावीताईनं वर पाहिलं. तिच्या हातातली कानस थांबली, मग सावकाश दोन वेळा फिरली, मग परत थांबली. बाकावरच्या तिघींनी विणकाम मांडीवर ठेवलं. सुया तेवढ्या हातात राहिल्या.

तो आधी बधिर झाला, मग त्याला नवरेपण आठवलं. “तमाशा पुरे झाला,” तो म्हणाला. “चल घरी. आईचे हाल चाललेत.”

“काय झालं आईंना?”

तो जरा घुटमळला. “कवळी कपाटात राहिलीय. परवापासून पाव दुधात भिजवून खातेय.”

सासूबाई आपले दातसुद्धा कुलपात ठेवत होत्या! एका विणणारीला एवढा जोराचा खोकला आला की तिला चपलावाल्याकडे जाऊन पाणी प्यावं लागलं.

चावीताईनं हात फडक्याला पुसले. “घरी येणार नाही. कामाला येईन. काम म्हणून बोलवायचं असेल तर पत्ता लिहून द्या, सगळे देतात तसा.” आणि तिनं वही पुढे केली. त्या माणसानं आपल्याच बायकोला आपल्याच घराचा पत्ता लिहून दिला. मी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही पाच जण गेलो. ती, काका, मी आणि सुयांसकट दोघी. मी पर्स दोन्ही हातांनी धरली होती. घर स्वच्छ, पडदे ओढलेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, गाल आत गेलेले. तिला पाहून त्या बरंच काही बोलल्या. दात नसल्यामुळे एक अक्षर कळलं नाही. ते बरंच झालं असावं.

मोडलेल्या चावीचा तुकडा बारीक चिमट्यानं बाहेर काढायला वेळ लागला. नवरा मागे उभा राहून सूचना देत होता. काकांनी दोन-तीनदा “काय? मोठ्यानं बोला!” म्हटलं. कपाळावर आठ्या घालून ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला सूचना पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगायच्या म्हणजे माणसाचा जोर आपोआप ओसरतो. खट्. दार उघडलं. चावीताईनं कवळीची वाटी उचलून अदबीनं सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी पाठ फिरवून कवळी बसवली, वळल्या, आणि त्यांचं पहिलं स्पष्ट वाक्य असं होतं:

“म्हणजे साखर तूच खात होतीस!”

“एक चमचा,” चावीताई म्हणाली.

मग ती कपाटाकडे वळली, तिसऱ्या कप्प्यात हात घातला आणि न शोधता एक निळी फाइल काढली. “हे माझे कागद आहेत.”

“ठेव ते,” नवरा म्हणाला आणि दोन पावलं पुढे आला. ती मागे सरली नाही, पण तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं. मी मधे गेले. कशी गेले, देव जाणे. दोघी सुया घेऊन माझ्या दोन्ही बाजूंना आल्या. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

“तिचे आहेत, तर नेऊ दे. लांब हो.”

मुलगा आईकडे बघतच राहिला. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मग तो बाहेरच्या खोलीत गेला.

चावीताईनं हत्यारं गोळा केली. जाता जाता, कामाची सवय म्हणून, विचारलं, “नवी चावी करायची ना? दोन करू?”

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एकच कर. माझ्याच हातात दे. त्याला नको.”

बसमध्ये दोन थांबे गेल्यावर चावीताई म्हणाली, “मला वाटायचं, त्या माझ्यामुळे कुलूप लावतात.” काकांनी विचारलं, “काय?” ती म्हणाली, “काही नाही,” आणि मग संस्थेपर्यंत रडली. एकीनं मफलर दिला, अर्धा विणलेला, सुईसकट. नाक पुसताना सुई टोचली आणि ती रडता रडता हसायला लागली. ती चावी तिनं त्याच आठवड्यात केली आणि मावशीच्या हातून, सासूबाई एकट्या असताना, पोचवली.

कागद आले, नोंद झाली, दाखल्यासाठी चौकशी करायला एक हवालदार संस्थेत आला. त्यानं मावशीला विचारलं, “बाई कशा आहेत?” मावशी म्हणाली, “साखर मोजून ठेवलीय, एक दाणा कमी नाही.” त्यानं ते लिहून घेतलं की नाही, ठाऊक नाही. निघताना मात्र त्यानं स्वतःच्या मोटारसायकलच्या डिकीचं कुलूप दाखवलं. दाखला पंधरा दिवसांत आला. आमच्या वकीलबाईंनी तिचं प्रकरण पुढे चालवलं, ते दोन वर्षांनी मिटलं. तिनं आमच्याच एका बाईबरोबर भाड्याची खोली घेतली. त्या दोघींत रोज भांडण होतं, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून, आणि दोघीही ती खोली सोडायचं नाव काढत नाहीत.

मीही सुधारले, थोडी. नवी बाई आली की आता मी तिला आमच्या वर्गांची यादी वाचून दाखवत नाही. विचारते, एकटी असायचीस तेव्हा काय करायचीस? एकीनं सांगितलं, शेजाऱ्यांचा रेडिओ भिंतीला कान लावून ऐकायचे, अख्खं बातमीपत्र पाठ असायचं. तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दुसरी म्हणाली, झोपायचे. तिला मावशीनं पहाटेच्या चहाचं काम दिलं, शिक्षा म्हणून.

टपरी आता चावीताई चालवते. काकांचे हात थरथरतात, म्हणून ते स्टुलावर बसून फक्त चुका काढतात. गेल्या शनिवारी मी ऑफिसच्या दाराची जादा चावी करून घ्यायला गेले होते. माझ्या आधी एक गृहस्थ उभे होते. चष्मा, हातात पत्र्याची छोटी पेटी, गुलाबी रंगाची, तिला बोटभर कुलूप.

“एवढं उघडून द्या,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

चावीताईनं पेटी हातात घेतली. “कुणाची?”

“मुलीची. चावी हरवली.”

“मुलगी कुठाय?”

“क्लासला.”

“वय?”

“सोळा. का?”

तिनं पेटी फळीवर, त्यांच्या बाजूला, परत ठेवली. “तिला घेऊन या. तिच्यासमोर उघडते.”

“अहो, मी बाप आहे तिचा!”

“म्हणून तर नुसतं घेऊन या म्हणते. अनोळखी असता तर हवालदाराला बोलावलं असतं.”

गृहस्थ तावातावानं बोलले, दुसरीकडे जाईन म्हणाले. काका स्टुलावरून ओरडले, “काय म्हणतोय?”

“घाई आहे म्हणतात!”

“मग हातोडा घे म्हणावं! आणि मुलीला उत्तर द्यायची तयारीही ठेव म्हणावं!”

सगळा बाजार ऐकत होता. गृहस्थांनी पेटी काखेत मारली आणि ते गेले. अर्ध्या रस्त्यात थांबले, पेटीकडे बघितलं, मग पुन्हा चालायला लागले, जरा सावकाश.

“गिऱ्हाईक घालवलंस,” मी म्हटलं.

“येतील,” चावीताई म्हणाली. तिनं माझी चावी पकडीत लावली, कानस उचलली आणि विचारलं, “ताई, ही मूळ चावी तरी बरोबर लागते का? की दार हलवून हलवून उघडता?”

मी मान हलवली.